तात्यांची एफसी : एका गंजलेल्या पिकअपच्या प्रकल्प नोंदी

११ मे २०२५, रविवार

तात्यांच्या जुन्या पिकअपचं छोटं मॉडेल करायचंय, म्हणून टेप, वही आणि मुलगी, तिघांना घेऊन सकाळीच हर्ण्याला गेलो. तात्यांच्या वाडीत, माशांच्या जुन्या शेडच्या भिंतीला लागून ती पिकअप अजून उभी आहे. मी शाळेत असताना संध्याकाळचा लिलाव आटोपला की हीच गाडी सुरमई-बांगड्याच्या पाट्या भरून दापोलीला यायची. गेली अठरा-एकोणीस वर्षं ती जागची हललेली नाही.

गाडी महिंद्राची एफसी. फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे पुढे बोनेट नाहीच; ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या शेजारी केबिनमध्येच. मूळ मॉडेल अमेरिकेतल्या विलीजचं, १९५६ च्या अखेरीस आलेलं, रूप ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी दिलेलं. तिकडच्या एफसी-१५० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८१ इंच होता. तात्यांची गाडी लांब आहे. दोनदा टेप लावला, ९३ इंच भरला.

माप १/२४ ठरवलं. ९३ इंच म्हणजे २३६२ मिलिमीटर, भागिले २४, ९८.४ मिलिमीटर. टायर सोळा इंची रिमचे, बाहेरून साधारण २८ इंच, म्हणजे मॉडेलवर तीस मिलिमीटरला जरा कमी. या गाडीचं तयार किट माझ्या पाहण्यात नाही. सगळं प्लॅस्टिकच्या शीटमधून कापून करायचं.

तात्या पडवीत बसून बघत होते. "एवढं मोजतोस कशाला? विकायची नाय ती."

"विकत नाही घेत, तात्या. हातावर मावेल एवढी बनवायचीय."

"नवी असताना होती तशी?"

"नाही, आत्ता आहे तशीच. गंजासकट."

ते जरा वेळ गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग पावसात ये. आता सुकलीय ती. आता तुला काय दिसायचं नाय."

फोटो १४३ काढले. डाव्या बाजूने भिंतीत आणि गाडीत हातभर जागा आहे, तिथे मुलगी शिरली आणि तिनेच त्या बाजूचे फोटो काढले. हे पुढे महागात पडलं, पण ते नंतर.

१८ मे, रविवार

आठवडाभर रोज रात्री, दुकान बंद केल्यावर, आराखडा. माझं नंबरप्लेट आणि रेडियमचं दुकान आहे, त्यामुळे कटिंग प्लॉटर घरचाच. अर्ध्या मिलिमीटरची शीट त्याच्या पात्याने आरपार कापली जात नाही, पण रेघ बरोबर पडते; मग हाताने वाकवली की सरळ तुटते. केबिनच्या बाजू, दारं, हौद्याच्या फळ्या असे एकतीस तुकडे एका बैठकीत निघाले. वक्र भाग मात्र हातानेच. पुढच्या काचेच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्रा गोल वळतो, तिथे दीड मिलिमीटरचे थर चिकटवून पॉलिश पेपरने घासत बसलो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, दोनदा भरली.

२६ मे, सोमवार

काल मान्सून देवगडपर्यंत आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. मे महिना संपायच्या आत! आंबे अजून झाडावर आहेत आणि वर पाऊस. आज दुकान उघडलंच नाही, सरळ हर्णे गाठलं. तात्यांनी सांगितलं होतं ते आज पटलं.

सुक्या गाडीवर गंज म्हणजे नुसते तपकिरी डाग दिसतात. ओल्या गाडीवर पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठून जातं ते दिसतं, आणि गंज नेमका त्याच वाटेवर बसलेला असतो. छपराच्या कडेला बारीक पन्हाळ आहे. छपरावरचं पाणी तिच्यातून पुढे येतं, दाराच्या वरच्या कोपऱ्यात पन्हाळीचा सांधा उघडलाय तिथून गळतं, बिजागरीवरून उतरतं आणि दाराखालच्या पट्टीत जाऊन साचतं. ती पट्टी आज बोटाने दाबली तर आत गेली.

हौद्याचं तसंच. मला वाटलं होतं मागचा फाळका सगळ्यात सडलेला असेल, कारण मॉडेलवाले सगळे फाळकाच सडवतात. पण वाडीची जमीन पुढे उतरती आहे. गाडीचं तोंड खाली, म्हणून हौद्यातलं पाणी पुढे, केबिनच्या पाठीला जमतं. गाडी चालती होती तेव्हा बर्फाचं खारं पाणी तिथेच मुरत असणार. पुढचा पत्रा चाळणीसारखा झालाय आणि फाळका जवळजवळ धड आहे.

सगळ्यात नवल छपराचं. उघड्यावर असूनही छपराला गंज कमी. पन्हाळीच्या ओठाखाली, चाकांच्या कमानीच्या आत, हौद्याच्या कडेच्या खालच्या अंगाला मात्र पापुद्रेच्या पापुद्रे. कारण साधं आहे: वाऱ्याबरोबर येणारं मीठ सगळीकडे बसतं, छपरावरचं पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं कोणी धूत नाही. मीठ हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे त्या जागा ऊन पडलं तरी नीट सुकत नाहीत. खालून हात फिरवला तर पत्रा बोटाला चिकट लागत होता.

मोबाइलवर वीस मिनिटांचं चित्रण केलं. कपाळावर पागोळ्या गळत होत्या तरी हललो नाही. मॉडेलवर गंजाचा एकेक ठिपका ठेवताना पाणी इथवर कसं आलं हे सांगता आलं पाहिजे, एवढं आज पक्कं झालं.

८ जून, रविवार

मासेमारी बंदी १ तारखेपासून सुरू, ३१ जुलैपर्यंत. बंदर गप्प आहे. होड्या वर ओढून झापांनी झाकल्यात.

चासी, पाटे, दोन्ही एक्सल झाले. पाटे शीटच्या पट्ट्यांचे, प्रत्येक पट्टी खालच्यापेक्षा थोडी लांब. टायर जत्रेतल्या खेळण्यातल्या जीपचे, ३० मिलिमीटर, नशिबाने बरोबर मापाचे. पुढचा उजवा टायर खालून सपाट घासला, कारण तात्यांच्या गाडीचं ते चाक पूर्ण बसलंय. मागची बाजू जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर टेकवलेली आहे. ते चिरेही करायचे.

१५ जून, रविवार

सडलेला पत्रा. हा भाग मला या सगळ्या कामात जास्त आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडीचा पत्रा एक मिलिमीटरच्याही आतला असतो. त्याचा चोविसावा भाग म्हणजे मिलिमीटरचे तीन-चार शतांश. माझी सगळ्यात पातळ शीट त्याच्या कितीतरी पट जाड. बंद दारात, अखंड बाजूत ते कळत नाही, पण पत्र्याला भोक पडलं की त्या भोकाची कड दिसते, आणि जाड कड दिसली की ती गाडी न राहता प्लॅस्टिकचं खेळणं होतं. पोखरून पातळ करणं, गरम सुईने टोचणं असे प्रयोग केले. सुईने कडा वितळून फुगीर झाल्या, उलट जास्त खोट्या.

शेवटी हॉटेलातून पार्सल येतं त्या ॲल्युमिनियमच्या डबीचा पत्रा घेतला. डबी उघडून, लाटण्याने लाटून सपाट केली. केबिनच्या पाठीचा खालचा भाग आणि उजव्या दाराखालची पट्टी प्लॅस्टिकमधून कापून काढली आणि तिथे हा पत्रा सुपरग्लूने बसवला. मग आतल्या बाजूने जुन्या बॉलपेनच्या टोकाने हळूहळू दाबत गेलो. खरा गंज आतून पत्र्याला फुगवतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि वरच्या रंगाला उचलतो. म्हणून आधी फोड, मग फोडाच्या टोकाला चीर, मग चिरेचं भोक, त्याच क्रमाने गेलो. सुईने चीर पाडली, चिमट्याने कडा किंचित बाहेर वळवल्या. एक कड तुटून पडली. पडली ती बरोबर जागी पडली, ती तशीच पट्टीच्या आत ठेवलीय.

भिंग लावून मुलीला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, याने हात कापेल." मला अजून काय हवं होतं!

२२ जून, रविवार

आज नुकसान. प्रायमर छान बसला, पण घाई करून वर लॅकरचा पातळ हात मारला आणि डोळ्यांदेखत सगळी केबिन दुधासारखी पांढरी झाली. खोलीतला आर्द्रतेचा काटा ९२ वर होता. थिनर भराभर उडून जातो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, आणि हवेतली वाफ त्या थंड रंगावर दव धरते, ती पाण्याची पुटं रंगातच अडकतात. माझे बाबा गाड्यांचं पेंटिंग करायचे तेव्हा पावसाळ्यात एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, मारायचं काम घेतच नसत. "पांढरं पडतं" एवढंच सांगायचे. मी ते लहानपणापासून ऐकलेलं, आणि आज तेच केलं.

उपाय गॅरेजमधल्या पेंटरनेच सांगितला: रिटार्डर (थिनरचं उडणं मंदावणारं द्रव्य) मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा. वरचा थर पुन्हा मऊ झाला, ओल निघून गेली, पांढरेपणा गेला. केबिन वाचली.

पण हा पावसाळा अजून दोन-तीन महिने आहे. म्हणून आंब्याची रिकामी लाकडी पेटी घेतली, आतून घरातली चांदीची फॉइल लावली, वर ४० वॅटचा पिवळा बल्ब. आत आर्द्रता ५० च्या खाली येते. आता प्रत्येक थराआधी पंधरा मिनिटं पेटीत, थरानंतर अर्धा तास पेटीत.

६ जुलै, रविवार

आषाढी. घरात साबुदाण्याची खिचडी, बाहेर मुसळधार, आणि माझ्या टेबलावर रंग.

गंजाचा पाया तीन रंगांत. सगळ्यात आधी टॅमिया या मॉडेलच्या रंगांच्या कंपनीचा एक्सएफ-९, हल रेड, जुनाट खोल जागांत एक्सएफ-१० तपकिरी मिसळून. कोरडं झाल्यावर स्पंजच्या फाटक्या तुकड्याने केशरी-पिवळट ठिपके, फक्त जिथे पाणी अजूनही वाहतं तिथे. ताजा गंज पिवळट-केशरी असतो, मुरलेला काळपट तपकिरी. सगळीकडे केशरी मारलं की गाडी महिन्याभरापूर्वी गंजली असं दिसतं.

मग हेअरस्प्रे, दोन हात. त्यावर पहिला रंग हिरवा, पुन्हा हेअरस्प्रे, आणि वर निळा. तात्यांची गाडी आधी हिरवी होती, नंतर कधीतरी निळी केली. दाराच्या खालच्या कोपऱ्यात तो हिरवा अजून डोकावतो. निळा एक्सएफ-८ आणि पांढरा एक्सएफ-२, त्यात थेंबभर हिरवा. तो रंग जुळवायला सहा कागद वाया गेले. जुन्या फोटोत तो नुसता निळा दिसतो, पण हातातल्या पापुद्र्यावर बघितला तर हिरवट झाक आहे. पापुद्रा तात्यांकडून मागून आणलाय, काडेपेटीत ठेवलाय.

निळा सुकून वीस मिनिटं झाल्यावर कोमट पाण्याचा ब्रश. खालचा हेअरस्प्रे पाण्याने मऊ होतो, वरचा रंग सुटतो. ब्रशचे केस अर्धे कापून ताठ केले होते. पन्हाळीच्या ओठाखालून सुरुवात केली. पहिला पापुद्रा उचकटला आणि खालून हिरवी कड, तिच्या आत तपकिरी, असं दिसलं तेव्हा मी दोन मिनिटं काहीच केलं नाही, नुसता बघत बसलो.

रात्री दोन्ही बाजू पूर्ण झाल्या.

१३ जुलै, रविवार

तात्यांना दाखवायला नेली. पिशवीत पेटी, पेटीत गाडी. त्यांनी चष्मा पुसून ती हातात घेतली. उजवी बाजू बघितली, बराच वेळ. दाराखालच्या सडक्या पट्टीवर अंगठा फिरवला. मग गाडी उलटी फिरवून डावी बाजू बघितली आणि मान हलवली.

"ही नाय माझी."

"काय चुकलं?"

"अरे, या अंगाला दर्या कुठाय?"

मला लगेच उमगलं नाही. ते उठले, काठी घेऊन पावसातच निघाले, मी मागे. गाडीचं तोंड दक्षिणेला आहे. म्हणजे ड्रायव्हरची बाजू पश्चिमेला, समुद्राला. खारा वारा, आडवा पाऊस, दुपारनंतरचं ऊन, सगळं त्या एका अंगावर. डावा अंग शेडच्या भिंतीला. "एवढी वर्षं एकाच कुशीवर झोपलीय ती," तात्या म्हणाले. "या बाजूला वारा लागतच नाय. इथे गंज नाय, इथे शेवाळ."

त्या हातभर फटीत मी आज स्वतः शिरलो. मुलीने काढलेल्या फोटोंत फ्लॅशमुळे सगळं चकाकत होतं, आणि मी त्यावरून ओळखलेले डाग गंजाचे नव्हतेच. निळा रंग इकडे अजून खोल आहे, काही ठिकाणी चमकसुद्धा आहे. काचेच्या रबरात, पन्हाळीत, दाराच्या फटीत काळपट हिरवं शेवाळ. खाली फूटभर उंचीपर्यंत लाल चिखलाचे शिंतोडे, कारण शेडच्या पागोळ्या बरोबर गाडीच्या बाजूला जमिनीवर पडतात आणि माती उडते.

आणि दारावर अक्षरं. "आईचा आशीर्वाद", दोन ओळींत, पिवळी, लाल सावलीची. ती बाबांनी लिहिलेली आहेत. उकाराची शेपटी ते नेहमी जरा लांब ओढायचे. इथे उकार नाही, पण "र्वा" वरचा रफार त्याच हाताचा आहे, दुरून ओळखू येतो. उजव्या दारावर मला काहीच दिसलं नव्हतं. आज परत जाऊन बघितलं. त्या दारावर अक्षरांचा रंग केव्हाच गळून गेलाय, पण अक्षरं होती तेवढ्या जागेवर ऊन लागलं नाही, म्हणून तेवढा निळा गडद राहिलाय आणि भोवतीचा खडूसारखा पांढुरका झालाय. तिरकं उभं राहिलं, दार ओलं असलं, की पूर्ण वाचता येतं. मे महिन्यात सुक्या दारावर मी तीनदा फोटो काढून गेलो होतो.

२० जुलै, रविवार

डावी बाजू धुतली. आर्द्रतेच्या भीतीने वरचा संरक्षक थर अजून मारला नव्हता, त्यामुळे खालचा हेअरस्प्रे जिवंत होता. कोमट पाणी आणि मऊ ब्रशने निळा-हिरवा सगळा निघून आला, तपकिरी पाया राहिला. तो खडबडीत होता, त्याला बारीक वॉटर पेपर मारून राखाडी प्रायमरने झाकला. दोन रात्रींचं काम पाण्यात गेलं, पण आता या बाजूला गंज फक्त दोनच जागी: पन्हाळीच्या सांध्यात आणि चाकाच्या कमानीच्या आत.

निळ्याचा नवा हात किंचित चमकदार ठेवला. शेवाळ तेलरंगाचं. कॅमलचा सॅप ग्रीन आणि बर्न्ट अंबर पुठ्ठ्यावर तासभर काढून ठेवले, म्हणजे जादा तेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट सुकतो. टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फटींत टोकाने सोडला, तो आपोआप फटीतून धावतो. जास्त झालेला वरून खाली, एकाच दिशेने, कोरड्या ब्रशने ओढून घेतला.

२७ जुलै, रविवार

अक्षरं.

उजव्या दाराची आधी, कारण तिथे माझं यंत्र कामाला येतं. खरी अक्षरं तीन इंची, म्हणजे मॉडेलवर जेमतेम तीन मिलिमीटर. प्लॉटरवर नवीन ६० अंशाचं पातं लावलं, वेग अगदी कमी केला. वेलांटी आणि रफार सोलताना तुटत होते. सातव्या खेपेला "आशीर्वाद" अखंड निघालं. दार आधी गडद निळं केलं, त्यावर विनाइलची, म्हणजे चिकट प्लॅस्टिक कागदाची, ही अक्षरं चिकटवली, वरून पांढरा मिसळलेल्या फिक्या निळ्याचे पातळ फवारे. खूप पातळ, सात-आठ, मध्ये मध्ये पेटीत. मग चिमट्याने अक्षरं उचलली. खाली तीच अक्षरं, गडद, कडा मऊ. प्रकाशात तिरकं धरलं तरच दिसतात. अगदी दारावर दिसतात तशी.

डाव्या दाराला विनाइल लावून बघितलं आणि काढून टाकलं. यंत्राची रेघ सगळीकडे सारख्या जाडीची येते. बाबांची रेघ ब्रश टेकला तिथे जाड, उचलला तिथे बारीक. तीन शून्याचा, अगदी बारीक ब्रश घेतला, पिवळ्यात थोडं मिडियम (रंग पातळ करायचं द्रव्य), आणि श्वास धरून हाताने लिहिलं. दहा वेळा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर, अकराव्या वेळी दारावर. लाल सावली उजवीकडे आणि खाली, बाबा ठेवायचे तशी. "आई" मधला आ जरा कलला. राहू दिला, मूळ दारावरही तो कललेला आहे, फोटो मोठा करून खात्री केली.

३ ऑगस्ट, रविवार

माती. कोकणात गाडी करायची म्हणजे इथे एक पेच असतो: आपली मातीच गंजाच्या रंगाची. जांभा मुळात लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडनी भरलेला दगड, त्याचा लालपणा लोखंडाचाच. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ मध्ये केरळातल्या अंगडिपुरमच्या या दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेसाठीच्या शब्दावरून. तिकडेही तो वीट कापावी तसा कापून घेतात, इकडे आपण चिरे कापतो. देशावरच्या गाडीवर काळी-करडी माती आणि लाल गंज वेगळे पडतात. इथे दोन्ही लाल, आणि मॉडेलवर एकमेकांत मिसळून नुसता लाल गोंधळ होतो.

वाडीतलाच जांभ्याचा तुकडा आणला, खलबत्त्यात कुटला, मलमलच्या दुहेरी कापडातून गाळला. कणी मोठी राहिली तर या मापात ती खडी दिसते. माती फिकी ठेवली, थोडा पांढुरका रंग मिसळून, आणि पूर्ण मॅट. गंज त्याहून गडद आणि किंचित ओलसर चमकीचा. डाव्या बाजूला शिंतोडे बरोबर १३ मिलिमीटरपर्यंत, खऱ्या गाडीवरचा एक फूट. ब्रश भरून त्यावर फुंकर मारली की शिंतोडे उडतात. वरच्या भागाला कागद लावून झाकलं होतं. उजव्या बाजूला शिंतोडे नाहीत, फक्त चाकांजवळ साठलेली माती.

चिरे दोन झाले, खऱ्या जांभ्याच्याच पिठाचे, लांबीत कालवून. सुईने भोकं पाडली.

१० ऑगस्ट, रविवार

नारळी पौर्णिमा परवा झाली, बंदरावर पुन्हा गडबड आहे. काम फारसं नाही. काचा बसवल्या, ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर मिठाची धूसर पुटं, आतून फिकट. वायपर एकच आहे, डावा.

१७ ऑगस्ट, रविवार

तात्यांकडे पुन्हा. या वेळी आधी त्यांनी डावी बाजू बघितली, काही बोलले नाहीत. मग उजवं दार तिरकं धरून खिडकीकडे नेलं. ओठ हलताना दिसले, वाचत होते.

"तुझ्या बापाने याचे पैसे घेतले नव्हते," म्हणाले. "दोन किलो पापलेट नेलंनी."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. घरी आईला विचारलं, तिला ते पापलेट आठवतंय.

मग फाळक्यावर बोट ठेवलं. मी दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारेची बारीक साखळी केली होती, बारा-बारा कड्यांची, चार रात्री लावून. "ही डावी बरोबर. उजवी साखळी तुटलेली कधीच. तिथे मी जाळ्याची दोरी बांधलेली." मी फोटो उघडले. फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात शेवाळाने काळी झालेली एक गाठ दिसते, ती मी आजवर पाचोळा समजत होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

उजवी साखळी काढली. जाळ्याच्या हिरव्या नायलॉनचा पीळ उलगडून त्यातला एक तंतू घेतला, तो या मापात दोरीएवढा होतो. माझी गाठ लागेना. नायलॉन ताठ, साधी गाठ मारली की सुटून उलगडते, डिंक लावला तर चमकतो.

हर्ण्याला नेलं. काकू पडवीत जाळं विणत बसल्या होत्या. त्यांनी भिंग नको म्हटलं, चिमटाही नको म्हटलं. गाडी मांडीवर आडवी घेतली, तंतूचं टोक जिभेवर ओलं केलं, फाळक्याच्या भोकातून घातलं, बोटाच्या नखाभोवती एक फेर दिला आणि ओढलं. जाळं शिवतात तीच गाठ. टोक दातांनी तोडलं.

घरी येऊन तिच्यावर सॅप ग्रीनचा एकच थेंब सोडला. आता सुकतेय, आंब्याच्या पेटीत.